राजपुत्राच्या चौदा वह्या आणि एझ्रादादा

मी, मनाशे सॅम्युएल वाकरुळकर, वय वर्षे पंच्याऐंशी, जन्म मुंबईत माझगावला, १९६४ पासून इंग्लंडात आणि गेली एक्कावन्न वर्षे इल्फर्डच्या याच घरात राहणारा, धंद्याने कोटांचे कापड बेतणारा कटर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी मिल्का, आणि ती २०१६ साली गेली.

माझे डोके ठिकाणावर आहे. याचा लेखी पुरावा सोबत जोडला आहे. मार्चमध्ये डॉक्टरबाईंनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी म्हणालो, त्यापेक्षा चीनच्या हान घराण्याचे सम्राट उलट्या क्रमाने म्हणून दाखवतो. पाचव्या सम्राटाला त्यांनी मला थांबवले, कागदावर काहीतरी लिहिले आणि माझ्या मुलीला फोन केला. पुढच्या खेपेस मी निमूटपणे सात वजा केले आणि मला उत्तम गुण मिळाले.

१९९८ साली वकिलाकडून इंग्रजीत करून घेतलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात माझे असे फक्त माझे नाव होते. हे नवे मराठीत का, असे माझी मुले विचारतील. त्याचे कारण कलम सातमध्ये आहे. आधी उडी मारून तिकडे जाऊ नये.

कलम १. या मृत्युपत्राची व्यवस्था माझी नात एलिझा हिने पाहावी. एलिझा ही माझ्या मुलीची, लीयाची मुलगी. वय एकोणतीस, ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत नोकरी. तिला मराठी बोलता येते, वाचता येत नाही, आणि बोलताना टेबल, खुर्ची, चहा, देव यांपैकी कशाचेही लिंग ती धड ठेवत नाही. परंतु दिलेला शब्द पाळते आणि मोठ्यांसमोर घाबरत नाही. हे दोन गुण या कुटुंबात एकाच माणसात यापूर्वी आढळलेले नाहीत.

कलम २. माझ्या देहाविषयी. आपल्या बेने इस्रायली रीतीप्रमाणे साधे पांढरे कफन, साधी लाकडी पेटी, आणि शक्य तितक्या लवकर माती. फुले नकोत. कफनाची शिवण मात्र कोणीतरी नीट बघावी. तिरकी शिवण अंगावर घेऊन मी वर गेलो तर तिथे भेटणारे जुने शिंपी मला जगू देणार नाहीत.

इथे मला राजपुत्राबद्दल सांगितले पाहिजे, कारण त्याच्यावाचून पुढचे काहीच समजणार नाही.

१९७३ च्या शरदात लंडनला चीनमधून उत्खननातल्या वस्तूंचे प्रदर्शन आले. मी तेव्हा व्हाइटचॅपलला एका कोटांच्या कारखान्यात होतो. मिल्का म्हणाली, रविवारी सगळेच जाताहेत, आपणही जाऊ. दोन तास रांगेत उभे राहिलो. आत काचेच्या पेटीत एक आडवा पोशाख होता, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, हिरवट जेड दगडाच्या दोन हजारांहून जास्त चकत्यांचा. प्रत्येक चकतीला कोपऱ्यांत बारीक भोके आणि भोकांतून सोन्याची तार. लोक म्हणत होते, काय श्रीमंती! मी बघत होतो की खांदा कसा बसवलाय. इतक्या कडक मालाला इतका गोल खांदा मी उभ्या जन्मात कोणाला काढता आलेला पाहिला नव्हता.

तो पोशाख एका राजपुत्राच्या बायकोचा होता, मेल्यावर घालायचा. तिचे नाव दोऊ वान. नवऱ्याचे नाव लिउ शेंग. एकवीसशे वर्षांपूर्वी तो सम्राटाचा मुलगा आणि पुढच्या सम्राटाचा सावत्र भाऊ होता, आणि झोंगशान नावाच्या छोट्या प्रांताचा राजा. त्याचा स्वतःचा पोशाखही सापडला होता, २४९८ चकत्यांचा, पोटाकडे भरपूर सैल सोडलेला. म्हणजे मापे घेणारा माणूस प्रामाणिक होता.

मी मिल्काला दाखवले, "हे बघ, बाईच्या पोशाखात छाती-पाठीला सोन्याची तार नाही. नुसत्या रेशमी पट्ट्यांवर भागवलंय. नवऱ्याचा मात्र सगळा सोन्याने शिवलाय म्हणे."

मिल्का म्हणाली, "मग त्यात नवल काय?" आणि चहा प्यायला निघून गेली.

मी तिथेच राहिलो. एका अर्थी पुढची बावन्न वर्षे तिथेच आहे. इल्फर्डच्या लायब्ररीतून पुस्तके आणली, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन चिनी अक्षरे शिकलो, आणि त्या राजपुत्राचे व त्याच्या घरादाराचे चरित्र मराठीत लिहायला घेतले. त्याच्या चौदा वह्या झाल्या. का लिहिले? कारण तो मला आवडला. त्याला दारू आवडे, गाणे आवडे, बायका आवडत. त्याला एकशेवीसच्या वर मुलगे-नातू होते असे जुन्या नोंदी सांगतात. थडग्यातही दारूचे मोठमोठे रांजण घेऊन गेला. आणि एकदा सम्राटाच्या मेजवानीत गाणे ऐकताना भर दरबारात रडला. का रडतोस असे विचारल्यावर म्हणाला, तुझे अधिकारी आम्हा भावांना छळतात. असा माणूस.

आणि त्या जेडच्या पोशाखात देह कधी कुजणार नाही असे त्याला सांगितले होते. उघडले तेव्हा आत काही दात आणि चिमूटभर धूळ होती. म्हणून म्हणतो, पांढरे कफन पुरे.

कलम ३. इल्फर्डचे राहते घर माझी मुलगी लीया आणि मुलगा टोबी यांना समसमान. अट एकच. पोटमाळा दोघांनी मिळून, स्वतःच्या हातांनी रिकामा करायचा. माणसे लावायची नाहीत. टोबी मिल्टन कीन्सला राहतो आणि मला भेटायला यायला वेळ नाही म्हणतो. मी त्याच्याकडे जायचो तेव्हा वाटेत इतके राऊंडअबाऊट लागत की त्याच्या दारात पोचल्यावर मला दहा मिनिटे घर फिरताना दिसे. तेव्हा त्याचे न येणे मी अंशतः समजू शकतो. उर्वरित मिळकत, म्हणजे बँकेत जे असेल ते, तीन नातवंडांना सारखे वाटावे. ते फार नाही. त्यावरून कोणी कोणाशी अबोला धरू नये, कारण अबोला हा या घरात दुसऱ्याच कारणासाठी वापरून झालेला आहे.

कलम ४. हत्यारे. माझी बारा इंची कात्री लीयाला. ही कात्री मी पहिल्या पगारातून घेतली होती. १९७९ साली लीयाने या कात्रीने भूगोलासाठी पुठ्ठ्याचा आफ्रिका खंड कापला. कापडाच्या कात्रीने पुठ्ठा! मी तेव्हा काही बोललो नाही असे तिला वाटते. मी बोलूच शकत नव्हतो. आता धार लावून ठेवली आहे. लीयाने ती घ्यावी आणि तिच्याकडे बघून थोडी शरम वाटून घ्यावी. शिवणयंत्र, पोलादी इस्त्री आणि खडूंचा डबा एलिझाला. तिला बटणसुद्धा लावता येत नाही, पण तिला वस्तूंचे आवाज आवडतात.

माझी अॅल्युमिनियमची शिडी शेजारी हरीश याला. ती २००९ पासून त्याच्याच शेडमध्ये असल्यामुळे हलवाहलवीचा खर्च येणार नाही.

कलम ५. प्रार्थनागृहाच्या समितीला मी चांदीचा पेला देतो. किद्दुशसाठी, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, आपण काळ्या मनुकांचे सरबत करतो, त्यासाठी तो वापरावा. २००३ साली मी राजपुत्राच्या स्मरणार्थ त्या सरबताऐवजी तांदळाची चिनी दारू ठेवली होती आणि तिघांना ती इतकी आवडली की ते तिसऱ्यांदा आशीर्वाद म्हणायला निघाले. त्यावरून समितीने मला पत्र लिहिले. ते पत्र मी जपून ठेवले आहे आणि माफ केलेले नाही. राजपुत्राच्या मुलांपैकी मोजक्यांचीच नावे नोंदलेली आहेत. उरलेल्यांना माझ्या वह्यांत मीच नावे दिली. त्यांतला जो सर्वांत बिनडोक मुलगा आहे, घोड्यावरून शेपटीकडे तोंड करून बसणारा, त्याला मी त्या वेळच्या खजिनदारांचे नाव दिले आहे. वही क्रमांक नऊ. जिज्ञासूंनी पाहावे.

कलम ६. टोबीने माझ्या अंत्यविधीत भाषण करू नये.

कलम ७. वह्यांविषयी, आणि माझ्या भावाविषयी.

लिउ शेंगला बरेच सावत्र भाऊ होते. त्यांतला एक पेंगझू, शेजारच्या प्रांताचा राजा. त्याला काम करण्याची भयंकर हौस. राजा असून शिपायांबरोबर रस्त्यावर गस्त घालायचा, हाताखालच्यांची कामे स्वतः करायचा. आमचा राजपुत्र त्याला म्हणे, तू राजा होऊन कारकुनी करतोस, राजाने गाणे ऐकावे आणि सुखात राहावे. त्यावर पेंगझू म्हणे, हा नुसती चैन करतो, प्रजेसाठी काही करत नाही, याला राजा तरी का म्हणायचे?

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा लायब्ररीत मोठ्याने हसलो, कारण असा भाऊ मला होता. एझ्रा सॅम्युएल वाकरुळकर, माझ्याहून सात वर्षांनी मोठा, माझा सावत्र भाऊ. त्याची आई तो चार वर्षांचा असताना गेली. पुढे वडिलांनी माझ्या आईशी लग्न केले आणि तिने त्याला वाढवले. एझ्रादादा कौन्सिलच्या घरवाटप खात्यात होता आणि सव्वीस वर्षे प्रार्थनागृहाचा चिटणीस. लग्न केले नाही. कोणाचा फॉर्म भरायचा, कोणाला दवाखान्यात न्यायचे, कोणाच्या पोराला शाळा मिळवून द्यायची, सगळे दादाकडे. आईलाही मुंबईहून त्यानेच आणले. ती गँट्स हिलला त्याच्याकडेच राहायची. मी रविवारी जायचो, तिला राजपुत्राच्या गोष्टी सांगायचो, हसवायचो आणि निघायचो. तिची औषधे दादा बघायचा.

दादाशी मी १९९४ पासून बोललेलो नाही. त्याचे घर इथून बसने अकरा मिनिटांवर आहे. मिल्काच्या मातीला तो आला, मागे उभा राहिला आणि हात न मिळवता गेला.

तरीही चौदाही वह्या मी एझ्रादादाला देतो. कारण सांगतो. माझ्या मुलांना मराठी वाचता येत नाही. नातवंडांना तर नाहीच. आमच्या लोकांत माझे अक्षर लावू शकेल असा एकच माणूस आता शिल्लक आहे. कोर्टाला द्यायचे भाषांतर कोणीही अनोळखी माणूस करील. पण घरच्यांना हे मृत्युपत्र वाचून दाखवायचे ते एझ्रादादानेच, मोठ्याने, सर्वांसमोर, असे मी एलिझाला सांगून ठेवले आहे. म्हणूनच ते मराठीत आहे.

तेव्हा दादा, हे तू वाचतो आहेस. तुझा चष्मा नाकाच्या टोकावर आला असेल. आत्ताच मी तुला पेंगझूच्या आडून कारकून म्हटले आहे आणि तुला ते तुझ्याच तोंडाने म्हणावे लागले, याचा मला वर बसून फार आनंद होत आहे. आता पाणी पी. पुढचे कलम वाचायला अवघड आहे.

कलम ८. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये मी आणि मिल्का एका सहलीबरोबर चीनला गेलो. राजपुत्राचे थडगे बघायला, डोंगर पोखरून केलेले, शेजारीच त्याच्या बायकोचे. आईला तेव्हा दम लागत होता. दादा म्हणाला होता, "मनू, आत्ता जाऊ नकोस. डोंगर पळून जात नाही."

आई म्हणाली, "जाऊ दे त्याला. वीस वर्षं माझं डोकं खातोय. त्या राणीचा दिवा कसा होता ते बघून ये रे." राणीच्या थडग्यात काशाची दासी सापडली होती, हातात दिवा धरून बसलेली, जिच्या बाहीतून दिव्याचा धूर आत जातो. आईला ती फार आवडायची. म्हणायची, आम्हाला असा दिवा असता तर माझगावच्या भिंती काळ्या झाल्या नसत्या.

आम्ही तिकडे पोचलो, आणि इथे रविवारी आई गेली. सोमवारी दादाने तिला माती दिली. आपल्यात थांबत नाहीत, थांबूही नये. त्याने हॉटेलात निरोप ठेवला होता.

मी सर्वांना सांगितले की निरोप मला मंगळवारी संध्याकाळी मिळाला. दादालाही, मिल्कालाही, मुलांनाही. हे खोटे आहे. सोमवारी सकाळी, न्याहारीच्या वेळी, काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. मिल्का वर खोलीत छत्री आणायला गेली होती. बस दारात उभी होती. मी चिठ्ठी वाचली, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि बसमध्ये बसलो.

आई तर गेलेलीच होती. मातीला मी कसाही पोचलो नसतो. हे सगळे मी तेव्हाही स्वतःला सांगितले आणि त्यात चूक काही नाही. पण त्याच दिवशी बीजिंगला निघालो असतो तर सात दिवसांच्या शोकातले चार तरी दिवस दादाजवळ जमिनीवर बसलो असतो. नंतर विमानात जागा मिळाली ती शनिवार उलटल्यावर. मी नवव्या दिवशी पोचलो.

आणि खरी गोष्ट ती नव्हेच. खरी गोष्ट अशी की त्या डोंगराच्या पोटात मी दीड तास होतो. घोड्यांची जागा पाहिली, रांजणांची जागा पाहिली, राणीची खोली पाहिली. आणि तो सगळा दीड तास, चिठ्ठी खिशात असताना, मी आनंदात होतो. जन्मात इतका आनंदी क्वचितच झालो असेन. हे मी मिल्कालासुद्धा सांगू शकलो नाही.

दादाच्या दारात उभा राहिलो तेव्हा माझ्या हातात त्या दिव्याची पितळी नक्कल होती, आईसाठी निघतानाच ठरवलेली. आत सात-आठ माणसे बसलेली.

दादाने विचारले, "निरोप कधी मिळाला?"

मी म्हणालो, "मंगळवारी संध्याकाळी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू जन्मभर नुसती चैन करत आलास."

मला काय झाले कोण जाणे. जिभेवर राजपुत्र बसला. मी म्हणालो, "आणि तू दादा, राजा झाला असतास तरी कारकुनीच केली असतीस."

कोणीतरी हसले. माझ्या दुर्दैवाने कोणीतरी हसले. दादाने दार लावून घेतले, हळूच, आवाज न करता.

दादा, मला माफ कर. मी हे मेल्यावर सांगतोय, कारण तुझ्यासमोर सांगायची हिंमत मला झाली नाही. यात शहाणपण नाही, नुसता भित्रेपणा आहे.

इथे माझा जून महिन्यातला मसुदा संपत होता. शुद्धलेखन तेवढे सुधारून वरचे सर्व जसेच्या तसे ठेवले आहे. काही खोडायचे नाही असे मला बजावण्यात आले आहे. कोणी बजावले ते पुढे येते.

कलम ९. एलिझाने केलेल्या आगळिकीविषयी. मसुदा मी एलिझाकडे सांभाळायला दिला होता. ती ब्रॅकनेलला परत जाताना म्हणाली, "आजोबा, जी गोष्ट मला वाचताच येत नाही, त्याच्यावर मी एक्झिक्युटर म्हणून सही कशी करू? इट्स नॉट रिस्पॉन्सिबल."

मी म्हणालो, "वेळ आली की मोठे आजोबा वाचून दाखवतील."

"मोठे आजोबा ब्याण्णव आहे! तुम्ही पंच्याऐंशी आहे. कोण आधी जाणार, तुम्हाला काय माहीत?"

या प्रश्नाचा मी विचारच केला नव्हता. चौदा वह्या लिहिणारा माणूस! माझ्या सगळ्या बेतात दादाने माझ्यानंतर मरायचे होते, कारण तो नेहमीच सगळ्यांचे सगळे आवरून मग झोपायला जायचा.

मला न विचारता एलिझा सरळ गँट्स हिलला गेली. तिने पुढे सांगितले ते असे. दादाने दार उघडले, कागद बघितले आणि माझे अक्षर ओळखले. तिला खुर्ची दिली, स्वतः टेबलाशी बसला आणि ड्रॉवरमधून तांबडी पेन्सिल काढली. दीड तास वाचत होता. शिडीपाशी हसला. खजिनदारापाशी त्याला ठसका लागला. शेवटचे पान त्याने दोनदा वाचले. मग कपाटातून बिस्किटे काढून तिला म्हणाला, "तुझ्या आजोबाच्या सत्तेचाळीस चुका आहेत. शुद्धलेखनाच्या. बाकीच्या वेगळ्या."

त्या दुपारी चार वाजता माझा फोन वाजला.

"कलम तीनमध्ये तू 'उर्वरीत' लिहिलंयस. दुसरी वेलांटी."

एकतीस वर्षांनी ऐकलेला आवाज. मी म्हणालो, "दादा?"

"पहिली पाहिजे. ऱ्हस्व. शाळेतही तू हेच करायचास."

"दादा, तू शेवटचं कलम..."

"वाचलं. समासात लिहिलंय ते बघ. फोनवर बोलायची गोष्ट नाही ती." आणि फोन ठेवला.

एलिझा रविवारी कागद घेऊन आली. कलम आठच्या समासात तांबड्या पेन्सिलीने, दादाच्या चिटणिशी अक्षरात, जे होते ते मी इथे उतरवून घेतो:

"ही माहिती मला १९९४ पासून आहे. सोमवारी तू निघालास की नाही हे विचारायला मी हॉटेलात पुन्हा फोन केला होता. बाई म्हणाल्या, चिठ्ठी साहेबांना सकाळीच दिली, साहेब बसने डोंगर बघायला गेले. हे मी कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर मिल्काला कळले असते. मी रागावलो तो तू डोंगर बघितलास म्हणून नव्हे. दारात उभा राहून माझ्याशी खोटे बोललास म्हणून. आता खरे लिहिले आहेस. कलम आठ बरोबर आहे. फक्त 'माफ कर' पुढे पूर्णविराम राहिला आहे."

पूर्णविराम घातला आहे.

कलम १०. त्यानंतर दर मंगळवारी दादा बसने येतो. मी जाऊ का विचारले तर म्हणतो, तुझ्याकडे वह्या आहेत, माझ्याकडे काय आहे. पहिल्या मंगळवारी त्याने कोट काढला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सांग. डोंगराच्या आत काय होतं?"

मी सांगू लागलो. घोडे, रांजण, राणीची खोली. शेवटी दादा म्हणाला, "आईला आवडलं असतं." मग मी चहा टाकला.

दादाने आता वही क्रमांक सहापर्यंत मजल मारली आहे. त्याची जोरदार तक्रार आहे की मी पेंगझूवर अन्याय केला. "रस्त्यावर स्वतः गस्त घालणारा राजा वाईट कसा? लोक सुखाने झोपत असतील की त्याच्या राज्यात."

मी म्हणालो, "दादा, तो लबाड होता. वरून आलेल्या अधिकाऱ्यांना गोड बोलून अडकवायचा."

"अधिकाऱ्यांना अडकवायचा ना? मग ठीकच आहे. मी नोकरी केलीय तिथे."

त्याच्या आग्रहास्तव पंधरावी वही सुरू केली आहे, पेंगझूच्या बाजूने. ती दादा सांगतो आणि मी लिहितो. वेलांट्या तो तिथल्या तिथे तपासतो. म्हणून कलम सातमध्ये बदल असा: सर्व वह्या आमच्या दोघांच्या पश्चात एलिझाला. तिने शनिवारी बाराखडी शिकायला सुरुवात केली आहे. मागच्या आठवड्यात तिने दादाला 'एझ्रा' लिहून दाखवले. अक्षर राक्षसासारखे, पण वाचता येते.

कलम ११. हे शेवटचे, दादाच्या मागणीवरून.

गेल्या मंगळवारी निघताना कोटाची बटणे लावता लावता दादाने विचारले, कचऱ्याची गाडी कधी येते विचारावे तसे, "माझ्यामागे कदिशची प्रार्थना कोण म्हणेल? मला मूलबाळ नाही. आईमागे मी म्हटलं."

मी म्हणालो, "मी म्हणेन."

"तू गावाला गेला असशील."

"नाही जाणार."

"लेखी दे," दादा म्हणाला. सव्वीस वर्षांचा चिटणीस.

म्हणून लिहून देतो. मी, मनाशे सॅम्युएल वाकरुळकर, माझा मोठा भाऊ एझ्रा याला माती देताना हजर राहीन, सातही दिवस खाली बसेन आणि अकरा महिने त्याच्यासाठी कदिश म्हणेन. तोपर्यंत इल्फर्डबाहेर जायचे झाल्यास त्याला विचारून जाईन आणि त्याच दिवशी परत येईन. आणि दादाच्या आधी मरण्याचा माझा जो काही हक्क असेल, तो मी या लेखाने, राजीखुशीने आणि कायमचा सोडून देत आहे. वरील सर्व कलमे त्यानंतरच अमलात यावीत.

हे मी वाचून पाहिले, दादाने तपासून पाहिले, आणि आम्हा दोघांनाही मान्य आहे.

मनाशे सॅम्युएल वाकरुळकर
(सही)

आम्ही दोघे साक्षीदार एकाच वेळी समोर होतो. मनाशेकाकांनी आमच्या देखत सही केली आणि त्यांच्या देखत आम्ही केली. यातले काहीही आम्हाला मिळणार नाही. चहा आणि बटाट्याची पॅटिस मिळाली.

१. शाल्मली वर्तक, लायब्ररियन, इल्फर्ड (सही)
२. समर दिघे, औषधविक्रेता, इल्फर्ड (सही)

इल्फर्ड, मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५